सात किलो तांदूळ

आमच्या घरात गेल्या वर्षातलं सगळ्यात मोठं भांडण झालं ते एका मांडीवरून. मांडी माझ्या सासूबाईंची.

लेक सातव्या महिन्यात होती. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करायचं आणि तेही गावच्या घरी देवासमोर, असं सासूबाईंनी ती जन्मली त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. गाव चिपळूणजवळ, आम्ही पुण्यात. महिना मे. गाडीत बसणारे आम्ही चौघं आणि खंडू. खंडू म्हणजे आमचा लॅब्रेडॉर, वय पाच वर्षं, वजन ३२ किलो. शेपटीचा एक फटकारा बसला की टीपॉयवरचा कप खाली.

लेकीसाठी आम्ही कार सीट आणली होती. सासूबाईंनी ती फिरून फिरून पाहिली आणि निकाल दिला, “एवढंसं पोर त्या खुर्चीत बांधून न्यायचं? मी काय मेले का? तीन पोरं मांडीवर घेऊन मी एसटीने कुंभार्ली घाट उतरलेय. माझ्या हातातून कधी काही सुटलं नाही.”

आता यावर काय बोलणार? त्यांच्या हातांवर मी अविश्वास दाखवतेय, असंच त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर मलाही मनातून मांडीच बरी वाटत होती. रडली तर पटकन छातीशी धरता येईल, दूध देता येईल. तुमच्यापैकी कितीतरी जणींना आत्ता हेच वाटत असेल, म्हणून तर हे लिहायला बसले.

मग रविवारी सकाळी, सोसायटीच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर, आम्ही एक उद्योग केला. लेकीचं वजन सात किलो. तेवढाच तांदूळ पिशवीत भरला, दुपट्यात गुंडाळला आणि सासूबाईंच्या मांडीवर दिला. त्या मागच्या सीटवर, पट्टा लावून. नवऱ्याने गाडी ताशी २० किलोमीटरवर नेली. सासूबाई कौतुकाने त्या पुरचुंडीला थोपटत होत्या, आणि त्याने न सांगता करकचून ब्रेक दाबला.

तांदूळ मांडीवरून निघाला, समोरच्या सीटच्या पाठीवर धप्पकन आपटला आणि त्यांच्या पायाशी पडला. दुपटं तेवढं हातात राहिलं.

सासूबाई काही वेळ त्या दुपट्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “मला माहीत नव्हतं ना तू थांबणारेस. पुन्हा कर.” दुसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांचा वेढा घातला, तांदूळ राखला, पण हात कोपरापर्यंत पुढच्या सीटला जाऊन टेकले. म्हणजे वीसच्या वेगात, फक्त ब्रेक लागला तर, आधी सांगून ठेवलं तर, जेमतेम जमतं. अपघात सांगून येत नाही.

हिशोब साधा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूचा पुढे जाण्याचा जोर तिच्या वजनाच्या साधारण १४ पट होतो. सात किलोचं बाळ त्या क्षणी शंभर किलोच्या आसपास जोराने हातातून ओढलं जातं. सासूबाईंनी लगेच गणित आपल्या भाषेत आणलं, “म्हणजे तांदळाची दोन पोती!” दोन पोती कुणाच्या आईच्याने धरवत नाहीत. माया कमी पडते असं नाही हो, मनगट कमी पडतं.

आणि मागचा ३२ किलोंचा?

तेच गणित खंडूला लावून बघा. ३२ गुणिले १४ म्हणजे साडेचारशे किलो. दाराशी बांधलेल्या चांगल्या धष्टपुष्ट म्हशीएवढा जोर. दुसऱ्या तऱ्हेने सांगायचं तर पन्नासच्या वेगात मोकळा कुत्रा पुढे आदळणं आणि तोच कुत्रा दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीतून, अंगावर पडणं सारखंच. वेग ८० झाला की ती उंची पंचवीस मीटरांवर जाते. खाली कोण आहे? कार सीटमधलं बाळ. बाळाला नीट बांधलं आणि कुत्र्याला मोकळं सोडलं, तर अर्धंच काम झालं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. लेक पोटात होती, सहावा महिना. साताऱ्याच्या रस्त्याने चाललो होतो. खंडू नेहमीप्रमाणे मागच्या सीटवर मोकळा, दोन सीटांच्या मधून तोंड पुढे काढून बसलेला. आम्हाला त्याचं फार कौतुक, “बघा, ड्रायव्हिंग शिकतोय.” खेड शिवापूरच्या आसपास दुभाजकाच्या फटीतून एक मोटरसायकल आडवी आली. ब्रेक लागला. धडक नाही, काही नाही. पण खंडू मधून सरळ पुढे आला, नवऱ्याचं कोपर गिअरवरून उडालं, आणि कुत्र्याचं डोकं डॅशबोर्डवर आपटलं. सुदैवाने गाडी जवळजवळ थांबली होती. त्याच्या ओठातून थोडं रक्त आलं, इतकंच. बाजूला गाडी लावल्यावर तो बिचारा आमचेच हात चाटत होता, जणू चूक त्याची.

चूक आमची होती. त्या दिवसापासून खंडू गाडीत मोकळा बसलेला नाही.

कोणाची जागा कुठे

गाडीत बसण्याआधी घरात बसून जागा ठरवा. नंतर “तू तिकडे सरक, ह्याला इकडे घे” हे करत बसलात, की शेवटी बाळ मांडीवर आणि कुत्रा पायात येणार.

आधी बाळ. कार सीट मागच्या सीटवर, आणि बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. हे बघायला विचित्र वाटतं, पण त्यामागे कारण आहे. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं, जन्मतः उंचीच्या चौथा हिस्सा, आणि मान कोवळी. तोंड पुढे असताना गाडी धडकली, तर अंग पट्ट्यात अडकतं आणि डोकं पुढे फेकलं जातं. तोंड मागे असेल, तर डोकं, मान, पाठ हे सगळं सीटच्या पाठीवर एकदम टेकतं आणि धक्का वाटला जातो. आर १२९ हा युरोपातला नवा नियम निदान १५ महिन्यांपर्यंत तोंड मागेच ठेवायला सांगतो. सीटच्या वजनाच्या आणि उंचीच्या मर्यादेत बसत असेल, तर त्यानंतरही तसंच ठेवावं. “पाय दुमडतात” ही तक्रार आपली असते, बाळाची नसते.

मागे तोंड केलेली सीट पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर, कधीही लावू नका. एअरबॅग उघडली की ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे, आदळते.

आम्ही सीट डाव्या हाताला बसवली. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला थांबते, त्यामुळे बाळाला काढताना-ठेवताना पाठीशी ट्रक नसतो. सीट बसवली की जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवून पाहा. इंचभराहून जास्त सरकली तर पुन्हा घट्ट करा. बाळाच्या खांद्यावरचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून आलेले हवेत आणि चिमटीत त्यांची चुणी धरता येता कामा नये. दुपट्यात गुंडाळून मग पट्टा लावू नका, आतली हवा दबली की पट्टा सैल पडतो. आधी पट्टा, मग वरून दुपटं.

आणखी एक. आपल्याकडे आतेबहिणीची कुंची मामेबहिणीला, तिची आपल्या लेकीला, असं फिरतं आणि ते छानच आहे. कार सीटचं मात्र तसं करू नका. जिचा इतिहास माहीत नाही, जी एखाद्या अपघातातून गेली असेल किंवा जिची मुदत संपली असेल, ती सीट फुकट मिळाली तरी नको. नवी घेताना आर १२९ चं किंवा त्याआधीच्या आर ४४ नियमाचं लेबल पाहून घ्या.

कायदाही आता बाळाच्या बाजूने आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा कार सीटशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड आहे.

आता खंडू. गाडी हॅचबॅक किंवा एसयूव्ही असेल, तर कुत्र्याची उत्तम जागा म्हणजे मागची डिकी, आणि डिकी व मागची सीट यांच्यामध्ये छतापर्यंत पक्की बसवलेली लोखंडी जाळी. त्याहून बरं म्हणजे डिकीत बांधलेला मजबूत पिंजरा, ज्यात त्याला उभं राहता येईल, वळता येईल, पण इकडून तिकडे घरंगळता येणार नाही. कापडाची जाळी किंवा दोरीचं विणलेलं काहीतरी कुत्र्याला पुढे येण्यापासून अडवतं, उडण्यापासून नाही. मागून धडक बसली तर आधी डिकीच चेपते, हेही खरं. म्हणून छोट्या गाडीच्या वीतभर डिकीत मोठा कुत्रा कोंबू नका. आणि सेडानच्या बंद डिकीत तर जनावर घालायचंच नाही.

सेडान असेल तर कुत्रा मागच्या सीटवर, बाळाच्या विरुद्ध टोकाला, मध्ये पट्टा लावलेलं मोठं माणूस. कुत्र्याला छातीवरून जाणारा रुंद हार्नेस घाला आणि गाडीचा पट्टा त्यातून ओवा. गळ्यातल्या पट्ट्याला बांधलंत, तर ब्रेक लागताच फास बसेल. बाजारात शंभर-दोनशे रुपयांना बकलमध्ये अडकवायची एक पट्टी मिळते, तिच्यावर ३२ किलोंचा भरवसा ठेवू नका. अमेरिकेतल्या सेंटर फॉर पेट सेफ्टी या संस्थेने २०१३ मध्ये कुत्र्यांचे हार्नेस धडक चाचणीत तपासले, तेव्हा चांगले म्हणवणारे बहुतेकसुद्धा कसोटीला उतरले नाहीत. बांधलेली दोरी इतकीच लांब ठेवा की त्याला बसता-निजता येईल, पण तोंड बाळापर्यंत पोचणार नाही.

आमच्या गाडीत जाळीमुळे एक गंमत झाली. लेकीचं तोंड मागे, खंडूचं पुढे. तिने नजर वर केली की सीटच्या वर, जाळीच्या चौकोनात, ओलं काळं नाक. सबंध वाट दोघांची समोरासमोर बैठक.

आणि मोठी माणसं? सासूबाई पुढे बसल्या, पट्टा लावून. मी मागे लेकीशेजारी, पट्टा लावून. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेला अपघात आठवा. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबर मागे बसलेले गृहस्थ गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. पुढचे दोघं जखमी झाले, पण वाचले. मागच्या सीटवर पट्टा लागत नाही, हा आपला फार जुना गैरसमज आहे. पट्टा न लावलेली आईसुद्धा बाळाच्या अंगावर आदळू शकते.

निघण्याआधीचे तीन आठवडे

कुत्र्याला जाळीमागे बसायची सवय एका दिवसात लागत नाही. पहिल्याच दिवशी सहा तासांसाठी कोंबलंत तर तो भुंकेल, नखं मारेल, बाळ रडेल, आणि तासाभरात कुणीतरी म्हणेल, “जाऊ दे, सोड त्याला.” सगळी तयारी त्या एका वाक्यापाशी संपते.

आम्ही पहिला आठवडा बंद गाडीत, डिकी उघडी ठेवून, खंडूला तिथेच जेवण दिलं. त्याची रोजची चादर तिथे टाकली. दुसऱ्या आठवड्यात गाडी नुसती सुरू करायची, दार लावायचं, पाच मिनिटांनी उतरवायचं. मग पेट्रोल पंपापर्यंत जाऊन परत. तिसऱ्या आठवड्यात लेकीला सीटमध्ये बसवून सगळ्यांची मिळून अर्ध्या तासाची फेरी. पहिल्या फेरीत लेक भोकाड पसरून रडली आणि खंडू तिच्यासोबत सूर लावून ओरडला. चौथ्या फेरीत दोघंही झोपली.

याच काळात पशुवैद्यांकडे जाऊन या. रेबीजची लस चालू आहे ना, गोचिडीचं औषध लावलंय ना, हे बघा, आणि कुत्र्याला गाडी लागत असेल तर औषध त्यांनाच विचारा. माणसाची उलटीची गोळी अंदाजाने अर्धी करून देऊ नका. निघण्याआधी तीन-चार तास त्याला जेवण नको, पाणी थोडं थोडं चालेल. घाटात तो वारंवार जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, लाळ गाळू लागला, की समजा पोटात ढवळतंय.

वाटेवर

आम्ही पहाटे पाचला निघालो. खंबाटकीचा घाट उजाडता गाठला, साताऱ्याला पहिला थांबा, मग उंब्रज, पाटण करत कोयनानगर. दोन-दोन तासांनी थांबायचं हा नियम कुत्र्यासाठी आहेच, बाळासाठी त्याहून जास्त. कार सीटमध्ये बाळ अर्धवट बसलेलं असतं, झोपेत हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडखळू शकतो. म्हणून थांब्यावर झोपलं असलं तरी उचला, आडवं निजवा, पाठ मोकळी होऊ द्या. मुक्कामाला पोचल्यावरही “झोपलंय तर असू दे” म्हणून सीटमध्येच तासन् तास ठेवू नका.

चालत्या गाडीत अंगावर पाजणं हा मोह मी चांगलाच ओळखते. पाटणच्या पुढे लेक असं काही रडायला लागली की माझा हात आपोआप बकलवर गेला. नवऱ्याने आरशातून पाहिलं आणि म्हणाला, “दोन मिनिटं. पुढे जागा दिसतेय.” ती दोन मिनिटं मला दोन तासांसारखी वाटली. पण गाडी झाडाखाली थांबली, दूध झालं, ढेकर निघाली, पुन्हा बांधलं. रडण्याने बाळाचं काही बिघडत नाही, मैत्रिणींनो. आपलं काळीज तेवढं हलतं.

थांब्यावर उतरायचाही क्रम ठरवा. आमचा असा: नवरा आधी उतरतो, डिकी चार बोटं उघडून आत हात घालतो, साखळी अडकवतो, मग दार पूर्ण उघडतं. आधी साखळी, मग दार. शहाण्यातला शहाणा कुत्राही तीन तासांनी उतरताना आधी उडी मारतो आणि मग विचार करतो, आणि समोर हायवे असतो. धाब्यावरचे कुत्रे परक्याला बघून चाल करून येतात, तेव्हा त्याला बाळापासून लांब फिरवा. उन्हात डांबर तापलंय का, ते हाताची पालथी बाजू टेकवून पाहा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. गवतात हुंदडून आला तर गाडीत घेण्याआधी कान, काखा, बोटांच्या बेचक्या चाचपा. आमच्या खंडूच्या कानामागे कोयनानगरला दोन गोचिडी निघाल्या. त्या लेकीच्या दुपट्यावर सापडल्या असत्या तर?

खाण्याच्या डब्यांवरही लक्ष ठेवा. सासूबाईंनी काजू-बेदाण्यांचा डबा उघडला आणि चार बेदाणे खाली पडले. खंडू मोकळा असता तर ते आधी त्याच्या पोटात गेले असते. द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात. कांदा आणि चॉकलेटही विषच. वापरलेला डायपर तर घट्ट झाकणाच्या डब्यात टाका. कुत्र्यांना तो फाडायला फार आवडतो, आणि आतला पदार्थ पोटात फुगला की आतडं अडतं.

मागच्या खिडक्यांना लॉक लावा. पंजा बटणावर पडला की काच वर-खाली होते. खिडकीतून डोकं काढून वारा पिणारा कुत्रा फोटोत छान दिसतो, पण डोळ्यांत खडी जाते आणि शेजारून एसटी जाते.

उन्हातली गाडी

हे एक वेगळं सांगते, कारण यात चुकीला माफी नाही.

“दोन मिनिटांत पाण्याची बाटली घेऊन येते” असं म्हणून बाळ आणि कुत्रा गाडीत ठेवून कुणीही उतरायचं नाही. कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये बंद गाडीतलं तापमान मोजलं होतं. तासाभरात ते सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या खाली ठेवून फार फरक पडला नाही. आपल्या मे महिन्यात बाहेरच ३८-४० असतं, वरचे आकडे तुम्हीच मिळवा. बाळाचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, तो धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो, आणि आजूबाजूची हवाच तापलेली असेल तर त्या धापांचा उपयोग होत नाही.

एसी चालू ठेवून गेलात तरी धोका आहे. कुत्रा पुढे आला, पंजा लॉकवर पडला, किल्ली आत, आणि तुम्ही बाहेर काचेवर हात आपटताय. म्हणून आमच्याकडे नियम असा की किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात आणि बाळ-कुत्र्यापाशी एक मोठं माणूस. प्रवासात एकटं असाल तर दोघांनाही घेऊन उतरा, नाहीतर उतरूच नका. डिकीपर्यंत एसीची हवा पोचतेय का, ते एकदा स्वतः मागे बसून बघा. कार सीटवर ऊन येतं म्हणून ओढणी पसरू नका, आत वारा बंद होतो. आणि झोपमोड झालेल्या डोक्याचा भरवसा नको, बाळ मागे आहे हेही ते विसरतं. तुमची पर्स किंवा डावी चप्पल बाळाच्या सीटपाशी ठेवा. ती घ्यायला तरी मागचं दार उघडाल.

नको ते झालंच तर

अपघात झाला आणि तुम्ही बोलायच्या अवस्थेत नसाल, तर बाळ कुणाचं हे लोकांना कसं कळणार? कार सीटच्या कडेला एक कागद चिकटवा. बाळाचं नाव, जन्मतारीख, रक्तगट, काही ॲलर्जी असेल तर ती, आणि गाडीत नसलेल्या दोन नातेवाइकांचे नंबर. खंडूच्या गळ्यातल्या बिल्ल्यावरही फोन नंबर आहे. घाबरलेला कुत्रा पळत सुटतो, किंवा उलट बाळापाशी ठाण मांडतो आणि मदतीला आलेल्याला हात लावू देत नाही. जाळीमागे असेल तर लोक निर्धास्तपणे बाळाला बाहेर काढू शकतात. आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. हे नंबर फोनमध्ये असतातच, ते सगळ्यांना पाठही असू द्या.

आणि एक अवघड गोष्ट. गाडी लहान असेल, माणसं पाच असतील, जाळी बसत नसेल, तर खंडूला घरी ठेवा. शेजारी, भाऊ, ओळखीतली कुत्री सांभाळणारी जागा, काहीतरी निघतं. तो आमच्या पहिल्या लेकरासारखा आहे, त्याला ठेवून जाताना पोटात तुटतं, हे मला कुणी सांगायला नको. पण “त्याला वाईट वाटेल” म्हणून त्याला बाळाच्या डोक्यामागे मोकळा बसवणं हा त्याच्यावरही अन्याय आहे.

फणस

कुंभार्ली घाट उतरून घरी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. सासूबाई हातपाय धुऊन ओटीवर बसल्या, पाय पसरले आणि दोन्ही हात पुढे केले. “आण आता तिला.” सहा तास राखून ठेवलेली मांडी होती ती. लेक तिथे निजली. खंडू तिच्या पायापाशी पाणी सांडत पडला.

उष्टावण झालं. चार दिवसांनी परत निघायची वेळ आली तेव्हा दीरांनी नेहमीप्रमाणे गाडी भरायला घेतली. आंब्याची पेटी, डझनभर नारळ, कोकम, आणि सगळ्यात शेवटी बारा किलोंचा एक कापा फणस. तो कुठे मावेना, म्हणून त्यांनी मागच्या सीटवर, माझ्या पलीकडे, नुसताच ठेवून दिला.

मी काही बोलणार, तेवढ्यात सासूबाई पुढच्या दारातून वाकल्या.

“अरे, असा काय ठेवतोस मोकळा? सात किलोचा तांदूळ कसा आला पुढे ते मी पाहिलंय. बांध त्याला.”

दीर हसायला लागले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी फणसाच्या पोटावरून पट्टा ओढून बकलात अडकवला, ओढून घट्ट केला, चिमटीत चुणी धरता येते का पाहिली, आणि मगच पुढे जाऊन बसल्या.